स्थलांतर शून्यावर आणा: नव्या साहेबांसाठी पायरीवार पुस्तिका

सर्वप्रथम अभिनंदन. बॅचमधल्या कुणाला पुणे मिळालं, कुणाला ठाणे, आणि तुमच्या वाट्याला आला बालाघाटाच्या डोंगरातला तालुका. वाईट वाटून घेऊ नका. पाऊस कमी, म्हणजे छत्रीचा खर्च वाचला.

दसरा झाला की एक दृश्य दिसेल. वेशीपाशी ट्रक आणि ट्रॅक्टर लागतील. त्यांत बाजरीचं पोतं चढेल, तवा-परात चढेल, कोयते, घागरी, पाय बांधलेली शेळी, आणि या सगळ्याच्या वर दोरीला धरून बसलेलं पाच वर्षांचं पोर. जीपच्या काचेतून बघताना पोटात तुटेल. तुटू द्या. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच तुटतं. दुसऱ्या वर्षापासून नेमकी त्याच दिवशी तुमची व्हिडिओ कॉन्फरन्स असते.

या पुस्तिकेचं उद्दिष्ट एकच: स्थलांतर शून्यावर आणणं. आता लोकांना गावात थांबवायचं तर पाणी लागतं, आणि ते आपल्याकडे नाही. अहवालातला आकडा शून्य करायला मात्र थेंबभरही लागत नाही. तेवढं आपल्याला जमण्यासारखं आहे. चला, लागू कामाला.

१. आधी शब्दाचा बंदोबस्त करा

या बाबतीत आपले पूर्वज थोर होते. १९६३ साली महाराष्ट्राने रीतसर अधिनियम करून राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच वगळून टाकला. आता तशी वेळ आपण येऊ देणार नाही, तर शब्द तरी कशाला ठेवायचा, असा विचार. नऊच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. त्याने तो अधिनियम वाचलेला नसावा.

तेव्हापासून आपण 'टंचाई' म्हणतो. टंचाई ऐकायला बरी. साखरेचीही होते, सुट्या पैशांचीही होते. त्याहून सोयीचा प्रत्यय म्हणजे 'सदृश'. पोर तापाने फणफणलं असेल तर 'तापसदृश परिस्थिती' म्हणायचं, म्हणजे मग औषधसदृश काहीतरी दिलं तरी भागतं. २०१५-१६ मध्ये याच शब्दावर राज्य चाललं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि मे २०१६ मध्ये शासनाला कबूल करावं लागलं की २९ हजारांहून जास्त गावांच्या बाबतीत 'दुष्काळसदृश' लिहिलंय तिथे 'दुष्काळ' वाचावं. मे महिन्यात, म्हणजे जून तोंडावर आलेला असताना. खचून जाऊ नका, चांगला शब्द फार दिवस घराबाहेर राहत नाही. २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि वर १,०२१ महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश'. आला परत.

'स्थलांतर' हा शब्दही टिपणीत टाळा. 'मजूर रोजगारानिमित्त बाहेरगावी असतात' असं लिहा. वाचणाऱ्याला वाटतं, मामाकडे गेलेत.

२. तारखांचं गणित घट्ट धरा

पिकाची पैसेवारी तीनदा निघते: नजर, सुधारित आणि अंतिम. ५० पैशांच्या आत आली की गाव अडचणीत आहे हे सिद्ध होतं. खरिपाची अंतिम पैसेवारी १५ डिसेंबरला. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर दुष्काळ ठरवण्यात उपग्रह, पर्जन्यमानाचा निर्देशांक, मातीतला ओलावा, भूजल असं बरंच शास्त्र आलं, आणि तो जाहीर करायचाच झाला तर ऑक्टोबरअखेर करायचा असं ठरलं. २०१८ मध्ये १५१ तालुके जाहीर झाले तो दिवस ३१ ऑक्टोबर. २०२३ चे ४० तालुके जाहीर झाले तोही ३१ ऑक्टोबर.

यातली खुबी तुमच्या लक्षात आली असेलच. माणसं निघतात दसरा-दिवाळीच्या मधे. गाव दुष्काळी आहे असं सरकारला कळेपर्यंत गाव उसाच्या फडात पोचून चुलीला तीन दगड लावून बसलेलं असतं. दवंडी पिटायची ती म्हाताऱ्यांसमोर, आणि म्हाताऱ्यांना हे जूनपासूनच ठाऊक असतं.

३. सवलती सढळ हाताने द्या

कंजूषपणा नको. दुष्काळ जाहीर झाला की ठरलेल्या सवलती आहेत, त्या एका दमात वाचून दाखवा: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षाशुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज असेल तिथे टँकर, आणि थकबाकीसाठी शेतीपंपाची वीज तोडायची नाही.

विहीर कोरडी असताना पंप चालवला तर साडेतेहतीस टक्के वाचतात, हे लोकांना नीट समजावून सांगा. आपत्ती निधीतून कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. ज्याच्याकडे हेक्टरच नाही त्याचं नुकसान शून्य हेक्टर, तेव्हा मदत शून्य. गणिताला जात-पात नसते, फक्त सातबारा लागतो.

यादीत गाव सोडून जाणाऱ्यासाठी काय आहे, असं एखादा आगाऊ पत्रकार विचारेल. सांगा की सवलती गावाला आहेत, गावात येऊन घ्याव्यात.

४. माणसाचे तुकडे करा

घाबरू नका, फायलीत. ही या पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, दोनदा वाचा.

एक बाई घ्या. पाऊस गेला, तूर वाळली: हे मदत व पुनर्वसन विभागाचं. गावात काम नाही: रोजगार हमी विभागाचं. ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली, म्हणजे दोघं मिळून एक 'कोयता' झाली: हे सामाजिक न्याय विभागाचं, कारण ऊसतोड कामगारांचं महामंडळ त्यांच्याकडे. ज्या कारखान्याचा ऊस तोडते तो सहकार विभाग आणि साखर आयुक्तांचा. मागे ठेवलेला मुलगा शालेय शिक्षणाचा. सोबत नेलेली मुलगी, जी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते, तीही शालेय शिक्षणाचीच, पण दुसऱ्या जिल्ह्याच्या. फडावरच्या झोपडीतल्या, म्हणजे कोपीतल्या, बाळाचं वजन महिला व बालविकासचं. पाऊस का गेला हे मात्र पर्यावरण विभागाचं. २०२० मध्ये त्याच्या नावात 'वातावरणीय बदल' जोडलं गेलं. एवढ्या वर्षांत वातावरणात जो बदल व्हायचा तो झालाच, निदान पाटीवर तरी आला.

आता ही बाई आख्खी कुणाच्या टेबलावर येते? नाही येत. हेच तर साधायचं होतं.

पहाटे अंधारात ती उठते, भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहते आणि गाडी कधी येईल तेव्हा, रात्री अकराला आली तरी, भरते. एक दिवस घरी बसली की खाडा, आणि खाड्याला दंड. पाळी, अंगावरून जाणं, कंबर भरणं, यांतलं काहीच खाड्यातून सुटत नाही. खाडा टाळायला बायका गर्भपिशवी काढून घेतात, असा २०१९ मध्ये बोभाटा झाला, विधिमंडळात गाजला, समिती बसली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आरोग्य विभागाचा प्रश्न ठरला. खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी परवानगी घ्यायचे नियम लागू झाले. खाडा कोणत्या विभागाचा, ते अजून ठरायचंय. तुम्ही ठरवायला जाऊ नका.

५. मोजू नका

मोजलं की आकडा येतो आणि आकडा आला की प्रश्न येतो. ऊसतोड कामगार राज्यात किती? कुणी आठ लाख सांगतो, कुणी बारा, कुणी पंधरा. ही तफावत जपा. सात लाखांच्या तफावतीत अख्खा तालुका लपतो, अधिकारी तर सहज लपतो.

जनगणनेने आपल्याला फार मोठी मदत केलेली आहे. १९९१ च्या जनगणनेत गाव सोडण्याच्या कारणांमध्ये 'नैसर्गिक आपत्ती' असा एक पर्याय होता. २००१ मध्ये तो गळला. उरलं काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबाबरोबर, आणि इतर. तेव्हापासून या देशात दुष्काळामुळे, पुरामुळे, समुद्राने जमीन गिळल्यामुळे गाव सोडलेला माणूस रकान्यात सापडत नाही. सगळे कामाला गेलेत. उद्योगी राष्ट्र.

शिवाय २०११ ची शिरगणती झाली फेब्रुवारीत, ९ ते २८ तारखेला, ऐन तोडणीत. प्रगणक गावात आला तेव्हा दाराला कुलूप. फडातल्या कोपीत तो पोचलाच असेल तर कारण लिहिलं: काम.

एक सावधगिरीची सूचना. तुमच्या तालुक्यात एका माणसाकडे ही सगळी माहिती आहे, तो म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम. खिशातल्या वहीत त्याने कोणत्या वस्तीवरचे किती कोयते, नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, उचल किती, गेल्या सालची बाकी किती, कोणता कारखाना, गाडीवर की डोकीवर, हे सगळं लिहिलेलं असतं. आजारी कोण, बाळंत कोण होणार, हेही त्याला माहीत असतं, कारण त्यात त्याचे पैसे अडकतात. पर्यावरणीय स्थलांतराची महाराष्ट्रातली एकमेव अद्ययावत नोंदवही कुठे असेल तर ती तिथे. ती बघायला मागू नका. बघितली तर माहिती झाली असं होतं.

६. गावातच काम द्या (अर्ज घेऊन)

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली, वि. स. पागे यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं, १९७७ चा कायदा झाला, आणि पुढे दिल्लीने तिच्यावरून देशभराचा कायदा बेतला. या इतिहासाचं भाषण पाठ करा, २६ जानेवारीला उपयोगी पडेल.

व्यवहारात मात्र तुमची स्पर्धा मुकादमाशी आहे, हे ध्यानात ठेवा. तुम्ही म्हणता: नमुना ४ भरा, पोच घ्या, पंधरा दिवस थांबा, काम निघालं तर करा, मोजमाप होईल, हजेरी चढेल, पैसे खात्यात येतील, कधी ते खात्यालाच विचारा. तो म्हणतो: हे धर. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, पोरीचं लग्न ठरलेलं असताना, तो एकरकमी उचल हातात ठेवतो. नंतर ती रक्कम माणसाच्या मानेवर बसते, हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधून घेते, वेळप्रसंगी माणूस डांबून ठेवते. हे सगळं खरं. पण आलेले पैसे आधी दिसतात, मान नंतर. आगाऊ पैसे देणारं धोरण सरकारकडे नाही आणि मुकादमाकडे आहे, एवढाच काय तो फरक.

७. पाणी कुठे गेलं, हे नकाशावर दाखवू नका

ही पायरी थोडी नाजूक आहे. माणसं घरी पाणी नाही म्हणून निघतात आणि जातात कशाला, तर राज्यातलं सर्वांत तहानलेलं पीक तोडायला. लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यात सत्तरच्या घरात, हा हिशोब इतक्यांदा सांगून झालाय की आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. कारखाने मराठवाड्यातही आहेतच, तिथल्या बोअरच्या जिवावर.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर कौतुक झालं, गाडीला 'जलदूत' नाव मिळालं. मिरज म्हणजे सांगलीचा ऊसपट्टा. मराठवाड्याची माणसं ट्रकने तिकडे जातात आणि तिकडचं पाणी रेल्वेने मराठवाड्यात येतं. वाटेत एखाद्या फाटकावर दोघांची गाठ पडली असेल, पण ओळख पटली नसेल.

२०२५ च्या सप्टेंबरात तर उलटंच झालं. याच दुष्काळी पट्ट्यात सीना, सिंदफणा, मांजरा पात्र सोडून शेतातून वाहिल्या, उभं सोयाबीन गेलं आणि कुठे कुठे खालची मातीही गेली. अशा वर्षी फायलीवरचं 'टंचाई' खोडून 'अतिवृष्टी' लिहावं. बाकी मजकूर तोच चालतो. दसरा त्यानंतर आठवड्याभरात होता.

८. सीमेचा फायदा घ्या

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, तो आता २०२० च्या कामगार संहितेत विरघळला. त्यात विस्थापन भत्त्याची तरतूद होती: महिन्याच्या निम्म्या मजुरीइतका किंवा ७५ रुपये, जास्त असेल तो. पण राज्याची हद्द ओलांडली तरच. बीडचा कोयता बेळगावात गेला तर कायद्याच्या नजरेत स्थलांतरित, कोल्हापुरात राहिला तर पाहुणा. ऊस दोन्हीकडे सारखाच कापतो, कोपीतून पाऊसही सारखाच गळतो. हा भत्ता मिळालेला तोडणी कामगार भेटला तर त्याचा सत्कार करावा, आणि मलाही बोलवावं.

९. मुलांसाठी काहीतरी करा

हे मनापासून सांगतो, कारण फोटो चांगले येतात. हंगामी वसतिगृह सुरू करा. नावावर जाऊ नका; पुष्कळदा ती दोन वेळच्या जेवणाची सोय असते, झोपायला आजीचं घर. तरी जिथे मंजुरी वेळेत येते आणि मुख्याध्यापक जीव लावणारा असतो, तिथे पोरं खरंच मागे राहतात, शिकतात. मंजुरी डिसेंबरात आली तर मात्र जेवायला पोरं शिल्लक नसतात. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ८२ शासकीय वसतिगृहांची योजनाही आली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक. तुमच्या तालुक्यातलं भाड्याच्या इमारतीत असेल तर मालकाशी गोड बोला.

१०. मुदत जाहीर करा

योजनेच्या नावातच साल घाला. 'सर्वांसाठी पाणी, टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९' हे जलयुक्त शिवारचं ब्रीद होतं. नाले खोल झाले, काही गावांत विहिरींना पाणी आलंही. २०१८ च्या ऑक्टोबरात १५१ तालुके दुष्काळी ठरले, तेव्हा मुदत संपायला अवकाश होता, त्यामुळे अपयश असं म्हणता येत नाही.

११. चर्चासत्रात काय बोलावं

बदली होण्याआधी एकदा तरी 'हवामान स्थलांतर' या विषयावर दिल्लीत बोलावणं येईल. तिथे तुवालू म्हणावं. समुद्र चढतोय, बेट बुडतंय, आणि ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये करार करून दर वर्षी २८० तुवालूवासीयांना येऊ द्यायचं कबूल केलंय. सभागृहात तुवालूचा कुणी नसतो, त्यामुळे वाद होत नाही. १९५१ चा निर्वासितांचा करार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट आणि राजकीय मत एवढ्याच कारणांनी छळलेल्यांना ओळखतो, पाऊस त्यात बसत नाही, हेही सांगावं. आपण त्या करारावर सहीच केलेली नाही, हे कुणी विचारल्याशिवाय सांगू नये.

देशात कायदा का नाही, असं कुणी म्हणालंच तर २०२२ चं विधेयक काढावं. आसामचे खासदार प्रद्युत बोरदोलोई यांनी हवामान स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी लोकसभेत ते मांडलं होतं. खासगी विधेयक होतं. १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे विषय तिथे सुखरूप आहे.

१२. कडा कोसळला तर

हा अपवाद, आणि यासाठी बॅग भरून तयार असा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या वळणावर आला आणि गाव दिसेना. मग यंत्रणा धावली, मंत्री आले, पुढे २०१७ मध्ये नवी वसाहत उभी राहिली. नंतर अशाच दरडींनी तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. अशा वेळी सरकार हलतं, हे मान्य केलं पाहिजे. एका रात्रीत नाहीसं झालेलं गाव सगळ्यांना दिसतं.

तुमच्या तालुक्यातही एसटीचा चालक दर वर्षी दिवाळीनंतर नेहमीच्या वळणावर येतो. घरं असतात, कुलपं असतात, पारावर दोन म्हातारे असतात. चढायला कुणी नसतं. तो घंटी ऐकतो आणि गाडी पुढे काढतो. डेपोत जाऊन त्याने काय कळवावं?

एवढं केलंत की तुमच्या कारकिर्दीत तालुक्यातलं स्थलांतर कागदावर आटोक्यात येईल. राहता राहिली पुढची जनगणना. बराच काळ लांबली होती, आता ठरली आहे. लोकसंख्या मोजायची ती फेब्रुवारीत, आणि देशाच्या बहुतेक भागासाठी संदर्भ क्षण आहे १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. कारखान्यांचा हंगाम तोवर सहसा संपलेला नसतो.